काळ्या रानात रडार

शेतातली ओल यंत्राने मोजावी की हाताने, या वादात म्हातारा शेतकरी हाताच्या बाजूने आणि शिकलेली पोरगी यंत्राच्या बाजूने, अशी वाटणी ठरलेली असते. इथे ती उलटी आहे. मामा दौंड तालुक्यातले, मुठा उजव्या कालव्यावरचे बागायतदार. जमिनीत लहरी सोडून ओल मोजणाऱ्या यंत्रावर त्यांचा जीव जडला आहे. भाची भूभौतिकीत एम.एस्सी. झालेली. पुण्यात तेच यंत्र चालवून ती पोट भरते, पण ते मामांच्या रानात न्यायला मात्र राजी नाही.

यंत्राचं नाव ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार, कामावरच्या माणसांच्या तोंडी जीपीआर. चार चाकांची ढकलगाडी, पोटाखाली जमिनीला जवळजवळ टेकलेली अँटेनाची पेटी, दांडीवर पडदा. मागच्या चाकाला अंतर मोजणारा काटा असतो. खाली आडवा पाइप आला की पडद्यावर कमान उमटते. मग भाची खाली वाकून रस्त्यावर पिवळ्या खडूने फुली मारते. पुण्यात मेट्रोची आणि रस्त्यांची खोदकामं निघाली की आधी अशा फुल्या लागतात, नाहीतर जेसीबीचा दात थेट जलवाहिनीत जातो. मामा मुक्कामाला आलेले असताना रात्री तिच्याबरोबर सिमला ऑफिस चौकातल्या कामावर गेले आणि तिथेच वादाला तोंड फुटलं. उरलेला वाद दुसऱ्या दिवशी तिच्या पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये, चहावर.

मामा : काल पडद्यावर पाण्याची लाइन दिसली, विजेची केबल दिसली. रस्त्याखालचं एवढं दिसतं, तर माझ्या उसाच्या मुळाशी ओल आहे का नाही हे दिसायला काय हरकत आहे? भाडं किती ते सांग.

भाची : भाड्याचा प्रश्न नाही, मामा. ती लाइन दिसली ती खडी-मुरमाच्या भरावातून. तुमच्या खालच्या रानात ही गाडी आंधळी होईल.

मामा : आंधळी कशी? परदेशात ट्रॅक्टरमागे लावून शेतभर ओलीचा नकाशा काढतात. मी मोबाइलवर बघितलंय. माझ्याकडं काय आहे? ठिबकवाल्या एका कंपनीनं दोन सेन्सर बसवून दिले. एक बरोब्बर ड्रिपरखाली. तो बाराही महिने ओलच सांगतो! दुसरा बांधाकडंला, तो कायम कोरडं म्हणतो. रान सहा एकर आणि खबर मिळते वीतभर जागेची. मला सगळ्या रानाची पाहिजे.

भाची : मागणी रास्त आहे. आणि रडारला ओल कळते, हेही खरंच आहे. हवा, माती आणि पाणी यांच्यात विजेच्या लहरीला सगळ्यात जास्त अडवतं ते पाणी. त्या गुणाला आम्ही परावैद्युतांक म्हणतो. हवेचा १, कोरड्या मातीचा तीन ते पाच, पाण्याचा ८०. म्हणून माती जितकी ओली तितकी लहर हळू चालते. दोन अँटेना एकमेकींपासून मीटरभर ठेवा. कोरड्या रानात लहर मातीच्या वरच्या थरातून सुमारे ६.७ नॅनोसेकंदांत पोचेल. अंक १६ झाला तर १३.३ लागतील, २५ झाला तर १६.७.

मामा : नॅनोसेकंद म्हणजे?

भाची : सेकंदाचा अब्जावा भाग. त्या वेळावरून अंक काढायचा आणि अंकावरून ओल. १९८० साली टॉप, डेव्हिस आणि ॲनन या कॅनडातल्या तिघांनी त्याचं सूत्र दिलं, ते अजून चालतं. अंक ९ आला तर मातीच्या घनफळात सुमारे १७ टक्के पाणी, १६ आला तर २९, २५ आला तर ४०.

मामा : झालं की मग! आता अडलं कुठं?

भाची : तुमच्या मातीत अडलं. लहर नुसती हळू झाली तर मोजता येते. पण ती परत आलीच नाही तर काय मोजू? काळ्या जमिनीत चिकणमाती निम्म्याच्या वरही असते, आणि तीही फुगणारी. तिच्या कणांना क्षारांचे विद्युतभारित कण चिकटलेले असतात. ओल आली की विजेला वाट मिळते आणि लहरीची ताकद तिथंच उष्णता होऊन जिरते. कोरड्या वाळूत हेच रडार कित्येक मीटर खाली बघतं. ओल्या चिकणमातीत अर्धा मीटर गाठतानाही त्याला धाप लागते. अमेरिकेच्या कृषी खात्यानं तर त्यांच्या देशात कुठल्या जमिनीत जीपीआर चालेल, कुठल्या नाही, याचे नकाशेच काढलेत. चिकण आणि खारी जमीन त्यात तळाला.

मामा : म्हणजे जी जमीन ओल धरते तिथंच तुझं यंत्र मरतं.

भाची : हो. आणि पाऊस पडून ओल भरली की जास्तच मरतं.

मामांनी बशीतला चहा संपवला. ते हरलेले दिसत नव्हते. त्यांच्या बाजूने एक गोष्ट इथे मला सांगायला हवी, कारण ती त्यांना माहीत नव्हती आणि भाचीने सांगितली नाही. भूगर्भाचा असा ठाव घेणारी यंत्रं पुण्यात ज्या जुन्या संस्थेत वापरली जातात, ती म्हणजे खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र. धरणाच्या भिंती, बोगदे, पाया हा आज तिचा व्याप. पण १९१६ साली मुंबई इलाख्याने ती सुरू केली ती सिंचनाचा एक खास कक्ष म्हणून. पाटाचं पाणी शेतीला कसं द्यावं हा तिचा पहिला विषय. दख्खनच्या कालव्यांखालची जमीन तेव्हा पाण्याने उपळत होती, वर मीठ फुटत होतं. नीरा कालव्याखालच्या रानांची ती कहाणी बारामती-इंदापूरकडच्या जुन्या घरांमध्ये अजून माहीत आहे. शंभर वर्षांत संस्थेची नजर शेताकडून धरणाकडे वळली. मामा रडार शेतात मागतात म्हणजे काही नवलाची मागणी करत नाहीत.

मामा : बरं, तुझं नको. ते पाषाणचं काय? तिथं म्हणे आकाशातून येणाऱ्या किरणांवर ओल मोजतात.

भाची : हे कुठं ऐकलंत?

मामा : आम्हीपण वाचतो, बाई.

भाची : बरोबर आहे. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत, आयआयटीएममध्ये, आहे ते. कॉसमॉस म्हणतात. अंतराळातल्या किरणांमुळं हवेत आणि मातीत वेगवान न्यूट्रॉन तयार होतात. हायड्रोजनला धडकले की ते मंदावतात, आणि मातीतला बहुतेक हायड्रोजन म्हणजे पाणी. जमिनीवर दीड-दोन मीटर उंच नळी उभी करून न्यूट्रॉन मोजायचे. कमी आले तर ओल जास्त. चिकणमातीचं, क्षारांचं त्याला रडारसारखं वावडं नाही. खोदायचंही नाही.

मामा : हे बघ, हेच पाहिजे.

भाची : पण ते दीडदोनशे मीटर त्रिज्येची सरासरी देतं. दोनशे धरले तर एकतीस एकर झाले. तुमची सहा एकर, बाकी शेजारचा ऊस, ओढा, पलीकडची डाळिंबं. शेजाऱ्यानं पाणी सोडलं की तुमच्या रानाची ओल वाढलेली दिसेल.

मामा : शेजारी रात्री पाणी चोरतो का, ते तरी कळेल.

हे म्हणून ते स्वतःच हसले. पण सरासरीचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हे बोलणं चालू होतं त्या फ्लॅटखालची जमीन एके काळी अशीच तुकड्यांत वाटलेली रानं होती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी ज्या गावाचा शेत-शेत आणि घर-घर फिरून अभ्यास केला आणि १९१७ मध्ये पुस्तक काढलं, ते गाव हेच पिंपळे सौदागर. एकेकाच्या जमिनीचे किती तुकडे आणि ते कुठेकुठे विखुरलेले, हे त्यात मांडलं आहे. आज तिथे टॉवर आहेत. तुकडे मात्र दौंड-इंदापुरात तसेच आहेत. वरून बघणाऱ्या यंत्रांची अडचण हीच. ‘नासा’चा स्मॅप हा उपग्रह २०१५ च्या जानेवारीत गेला, त्याच्यावरचं बारीक बघणारं रडार त्याच वर्षी जुलैत बंद पडलं. उरलेल्या उपकरणाचा एक ठिपका साधारण चाळीस किलोमीटरचा. त्यात स्वारगेटही मावतं आणि उरुळी कांचनही. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार उपग्रह पुष्कळ बारीक बघतो आणि दर बारा दिवसांनी त्याच जागेवर येतो. पण त्याच्याही लहरींना कळते ती मातीच्या वरच्या चार-पाच सेंटिमीटरची ओल.

मामा : वरची ओल तर मला हातानंच कळते की. मूठभर माती घ्यायची, दाबायची. लाडू झाला आणि बोटानं टिचकी मारल्यावर फुटला, तर वाफसा. चिकटून राहिला तर अजून दोन दिवस नांगर घालायचा नाही. तुझ्या १७ आणि २९ टक्क्यांपेक्षा मला हे जास्त कामाचं.

भाची : मग यंत्र कशाला मागता?

मामा : कारण हात वरचं सांगतो आणि पीक खालचं खातं. शाळूचंच घे. पेरणीच्या वेळी जी ओल, तिच्यावरच सगळं. कधी वरनं पाऊस पडतो, ओलीला ओल मिळते आणि पीक तरतं. कधी मध्ये कोरडा पट्टा राहतो. वरून रान ओलं दिसतं आणि पोटरीत आलेलं पीक बसतं. त्या मधल्या पट्ट्यात काय चाललंय ते मला बघायचंय.

भाचीने यावर लगेच उत्तर दिलं नाही. मला तरी वाटतं की त्या दिवशीचा सगळ्यात नेमका प्रश्न मामांनी विचारला होता. तो जुनाही आहे. रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर येते, तर ती ओल किती खोल आणि किती दिवस टिकते, याचा कोरडवाहू शेतीतला शास्त्रीय शोध देशात पहिल्यांदा पुण्याजवळ मांजरीला १९२३ साली व्ही. ए. ताम्हाणे यांनी सुरू केला. दहा वर्षांनी काम सोलापूरला गेलं आणि तिथे एन. व्ही. कानिटकरांनी ते वाढवलं. हत्यार होतं गिरमिट. जमिनीत फिरवून दर वीतभर खोलीवरची माती काढायची, ओली असतानाच तोलायची, १०५ अंशांच्या भट्टीत चोवीस तास ठेवून पुन्हा तोलायची. १३० ग्रॅमची १०० ग्रॅम झाली तर वजनी ओल ३० टक्के. आजही कुठलाही सेन्सर, रडार किंवा उपग्रह खरं बोलतो की नाही, हे शेवटी त्या भट्टीवरच तपासलं जातं.

भाची : हात वरचंही नेहमी खरं सांगत नाही, मामा. थंडीत सकाळी काळी माती ओलसर लागते ना?

मामा : लागते. दुपारी सुकते.

भाची : काल आपण जिथं होतो ना, सिमला ऑफिस, तिथल्या हवामान खात्यात १९३२ साली कृषी हवामानाचा विभाग निघाला. त्याचे प्रमुख एल. ए. रामदास. त्यांनी आणि कट्टींनी १९३४ मध्ये पुण्याच्या या मातीवरच दाखवून दिलं, की कोरड्या हंगामात वरचा थर दिवसा ओल सोडतो आणि रात्री हवेतली वाफ परत ओढून घेतो. तुमची सकाळची मूठ म्हणजे रात्रीची हवा. खालच्या ओलीचा तिच्याशी काही संबंध नाही.

मामा : मग माझ्या मधल्या पट्ट्याचं काय? ते सांग की.

भाची : सांगते, पण तुम्हाला आवडणार नाही. रडारनं ओल मोजायचा नाद सोडा. रडारनं खोली मोजा.

मामा : कशाची?

भाची : मातीची. वरच्या रानात, माळाकडं, माती हलकी. खाली मुरूम लागतो तो कुठं हातभर, कुठं दोन हात खाली. माती आणि मुरूम यांच्या सांध्यावरून लहर उलटते आणि पडद्यावर त्याची रेघ उमटते. मे महिन्यात माती वाळलेली असताना गाडी ओढली तर सबंध शेताखाली मुरूम कसा वर-खाली होतो ते दिसेल. जमीन म्हणजे तुमचा रांजण. त्यात आज पाणी किती, हे नंतर बघू. आधी रांजण केवढा, हे तरी कळू द्या. चांगल्या काळ्या जमिनीत मीटरभर खोलीला पिकाला उचलता येईल असं साधारण १५ ते २० सेंटिमीटर पाणी मावतं. तुमच्या माळावर तीस सेंटिमीटरच माती असेल तर मावणार तीनच. आणि पाटाची पाळी आली की तुम्ही दोन्हीकडं सारखंच सोडता, सात-आठ सेंटिमीटर.

मामा : सारखं म्हणजे... दारं तितकाच वेळ धरतो, हे खरं.

भाची : म्हणजे वरच्या रानात निम्म्याहून जास्त पाणी मुळाखाली गेलं. ते कुठं जातं? उतारानं खालच्या रानात. तिथं आधीच भरलेलं. मग दर वर्षी ओढ्याकडची दोन गुंठे चोपण वाढली म्हणून तुम्हीच ओरडता.

मामा : अगं, पण मुरूम कुठं वर आहे हे मला गाडीशिवाय माहीत आहे. जिथं पीक आधी कोमेजतं तिथं मुरूम वर. चाळीस वर्षं बघतोय.

भाची : कोमेजलं म्हणजे उशीर झाला. आणि ऊस मोडून फळबाग लावायची म्हणता. झाड लावल्यावर तिसऱ्या वर्षी कळून काय उपयोग?

मामा : मग गिरमिटानं वीस भोकं पाडीन. तुझ्या गाडीचं एका दिवसाचं भाडं, त्यात माणसाची चार दिवसांची मजुरी निघेल.

इथे माझं मत मामांच्या बाजूला झुकतं, निदान अर्धं. सहा एकरांना वीस भोकं ही वाईट खबर नव्हे, आणि मुरूम लागला की गिरमिटाचा आवाजच बदलतो. त्यात चूक व्हायला जागा नाही. रडारच्या रेघेला मात्र माती आधी कुणीतरी उघडून दाखवावी लागते. तिथल्या मातीत लहरीचा वेग किती, हे ठाऊक नसेल तर वेळेवरून खोली काढणार कशी? म्हणजे भोकं दोघांनाही पाडायचीच आहेत. फरक एवढाच, की दोन भोकांच्या मधल्या जागेत मामा अंदाज बांधतात आणि गाडी बघत जाते.

भाची : पाच भोकं पाडा, बाकीचं गाडी भरून काढेल. भाडं नको मला. सुट्टीच्या दिवशी गाडी मिळेल का ते बघते.

मामा : आणि खालचं काळं रान? खरी शेती तिथं आहे माझी.

भाची : तिथं रडार नाही. मे महिन्यात ते रान भेगाळतं. भेगांतली हवा लहर विखरून टाकते. पावसाळ्यात चिकण तिला पिऊन टाकते. तिथं उलट वीज जाऊ देणारंच यंत्र बरं. विहिरीची जागा बघताना भूजलवाले खुंट्या ठोकून विद्युतरोध मोजतात ना, त्याच जातीचं. जी वाहकता रडारला मारते, तीच तिथं मोजायची. क्षार कुठं साचलेत तेही त्यात दिसतं.

मामा : म्हणजे तू शिकलेली पाणाडी.

भाची : पाणाड्या नारळ हातावर धरून पैसे घेतो. मी नाही म्हणूनही दाखवते.

मामा : एक सांगू का? तू इतकं सगळं मोजलंस. वरच्या रानात तीन सेंटिमीटर मावतं, ठीक. म्हणजे तिथं थोडं-थोडं आणि सारखं पाणी पाहिजे. आवर्तन कधी येतं माहीत आहे का? खडकवासल्यात पाणी किती, पुण्याला किती लागतं, मग उरलेलं आम्हाला. दोन पाळ्यांत महिना-महिना जातो. तुझं यंत्र सांगेल पाचव्या दिवशी रान सुकलं. मी पाचव्या दिवशी पाणी आणू कुठून? म्हणून आलं की भरून घेतो. पाणीपट्टी एकरावर आहे, मापावर नाही. कमी घेतलं म्हणून कोणी पैसे कमी करत नाही.

भाची : विहीर आहे ना.

मामा : आहे. वीज रात्रीची.

भाची : मग शेततळं. पाळीचं पाणी तळ्यात घ्या, वरच्या रानाला ठिबकनं द्या. कोणत्या व्हॉल्व्हला किती वेळ, हे खोलीच्या नकाशावरून ठरेल. ज्या पट्ट्यात एक हात माती तिथला व्हॉल्व्ह वेगळा, दोन हात माती तिथला वेगळा. आणि तो सेन्सर ड्रिपरखालून काढा. दोन ड्रिपरच्या मध्ये, एक वीतभर आणि दुसरा हातभर खोल, त्याच खड्ड्यात. मग मधला पट्टा दिसेल तुम्हाला.

मामा : हे त्या कंपनीच्या पोरानं का नाही सांगितलं?

भाची : त्यानं रान बघितलं नसेल. बांधावर गाडी लावून बसवून गेला असेल.

मामांनी खिशातली डायरी काढली. त्यात मागच्या वर्षीच्या पाळ्यांच्या तारखा होत्या, उसाच्या तोडीचं टनेज होतं, बियाण्याच्या पावतीचा नंबर होता. मधल्या कोऱ्या पानावर त्यांनी वरच्या रानाचा आकार काढला, वाकडातिकडा, पण बांधाचे कोपरे आणि आंब्याचं झाड बरोब्बर जागेवर. त्यात पाच फुल्या मारल्या.

भाची : इथं का? आणि ओढ्याकडं एकही नाही?

मामा : तिकडं मला माहीत आहे.

भाची : माहीत आहे तिथंच एक पाहिजे. नाहीतर माझं चुकलं का तुमचं, हे कळणार कसं?

त्यांनी सहावी फुली मारली आणि गिरमिट गंजलंय, धार लावावी लागेल, असं काहीतरी पुटपुटत मेच्या पहिल्या आठवड्यात गावात लग्नं किती आहेत ते मोजायला लागले.